कोरडी राहिलेली जागा

आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घराला रस्त्याकडेला दगडी ओटा होता. तंजावुरात त्याला तिण्णै म्हणतात, आम्हीही तेच म्हणत असू. आमच्या तिण्णैच्या उजव्या कोपऱ्यात एक कोनाडा होता. आई तिथं रोज सांजेला पणती लावी. माझा धाकटा भाऊ याच घरात जन्मला तेव्हा सुइणीनं त्याची नाळ त्या कोपऱ्याच्या पायाशी पुरली होती. दोन वर्षांचा होऊन तो घशाच्या आजारानं गेला. डॉक्टरांची मोटार गल्लीच्या तोंडाशीच अडकली, समोर पेंढ्याची बैलगाडी होती. डॉक्टर चालत आले, तोवर आमच्या वडिलांच्या, अप्पांच्या मांडीवर तो थंड झाला होता.

त्यानंतर अप्पांनी एकच ध्यास घेतला, गल्ली रुंद व्हायला हवी. ते आमच्या वॉर्डाचे मेंबर होते. नगरपालिकेच्या सभेत ते तमिळमध्ये तासभर बोलत आणि घरी येऊन तेच भाषण आम्हांला मराठीत ऐकवत. आम्ही काय मत देणार होतो, देव जाणे. गल्लीतले लोक चिडले. तिण्णै गेली तर म्हाताऱ्यांनी बसायचं कुठं, वाटसरूनं टेकायचं कुठं? दोन वर्षं हा वाद रेंगाळला. अप्पा नाकासमोर चालणारे, हटले नाहीत. शेवटी ठराव झाला की दोन्ही बाजूंच्या तिण्णैंचे तीन तीन फूट कापायचे.

आईनं तोवर अवाक्षर काढलं नव्हतं. ठरावाच्या दिवशी त्यांना वाढता वाढता म्हणाली, "सगळी तिण्णै न्या. तो कोपरा मात्र ठेवा. माझ्या लेकराचं तेवढंच उरलंय."

अप्पांनी ताटावरून हात उचलला. जन्मात कुणापुढं सवलत न मागितलेला माणूस पुढच्या सभेत उभा राहिला आणि आपल्याच घरापाशी रस्ता हातभर वळवा म्हणाला. सभा हसली. "दुसऱ्याच्या तिण्णैवर पहार आणि स्वतःच्या तिण्णैला फुलं!" असं कुणीतरी ओरडलं. अप्पा उभेच राहिले. वळण मंजूर झालं. ही गोष्ट त्यांनी आम्हांला मराठीत ऐकवली नाही, मला ती शेजारणीकडून कळली.

मार्गळीचा महिना होता, म्हणजे आपला मार्गशीर्ष-पौष. ओव्हरसियरनं सगळ्या तिण्णैंच्या भिंतींवर गेरूच्या खुणा केल्या. आमच्याकडे वळण होतं, म्हणून फक्त आमच्या दारात जमिनीवर चुन्याची कमान ओतली. दुसऱ्या दिवशी अप्पांना पापनाशमला जायचं होतं. रात्री जेवताना ते आईला म्हणाले, "उद्या सडा जपून घाल. खुणेस पाणी लागूं देऊं नको."

आमच्याकडे पहाटे आई सडा घाली आणि मी त्यावर रांगोळी काढी. त्या पहाटे आईनं शेणाच्या पाण्याचा सडा घातला, खुणेभोवतीची जागा तेवढी कोरडी सोडली आणि ती देवळात गेली. मी पिठाची वाटी घेऊन बाहेर आले आणि जागीच थबकले. दारात सडा नसणं म्हणजे काय, हे तंजावुरात लहान पोरीलाही ठाऊक असतं. घरात कुणी गेलं की तेरा दिवस दार तसंच राहतं. भाऊ गेला तेव्हा ती उघडी, राखाडी माती मी तेरा दिवस पाहिली होती. आता तीच माती, त्याच कोपऱ्यापाशी. मला अप्पांचं सांगणं आठवत होतं, खोटं कशाला बोलू? तरी मी बादलीत उरलेलं पाणी तिथं ओतलं, हातानं सारवलं आणि वर मोठी रांगोळी काढली. मग मला बरं वाटलं.

उजाडता उजाडता मजूर आले. मुकादमानं दारासमोर खूण शोधली. "इथं चुन्याची खूण होती ना, पोरी?" त्यानं तमिळमध्ये विचारलं. मला बोट दाखवता आलं असतं. पण खूण पुसल्याचं अप्पांना कळेल, ही भीती होती. मी मान हलवली, नाही म्हणून. त्यानं शेजारच्या गेरूपासून पलीकडच्या गेरूपर्यंत सरळ दोरी ताणली.

आई परतली तेव्हा कोनाड्याचे दगड रस्त्यावर पडले होते आणि पायाशी खड्डा होता. खूणच दिसली नाही, मुकादम म्हणाला. ती खड्ड्याकडे पाहत राहिली, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. "माझाच हात सैल पडला," ती म्हणाली. अप्पा परत आल्यावर त्यांनाही तिनं तेच सांगितलं. ते तिला एका शब्दानं बोलले नाहीत. मी दाराआड उभी होते.

रस्ता अप्पांना हवा तसा झाला. पुढं शेजारच्या मुलाला तसाच घशाचा आजार झाला, तेव्हा डॉक्टरांची मोटार थेट दारापर्यंत आली आणि तो वाचला. आई त्याला पाहून आली, त्याच्या हातावर साखर ठेवून आली. पण आमच्या दारावरून गाडी गेली की ती हातातलं काम थांबवी आणि गाडी पुढं गेली की पुन्हा सुरू करी. बोलता बोलता मीही थांबू लागले. त्या दिवसानंतर तिनं सडा कधी घातला नाही. "तूच घाल, माझ्या हाताचा मज भरवसा नाही," म्हणे. लग्न होईपर्यंत रोज पहाटे मीच घातला, खांद्याएवढी होते तेव्हापासून तिच्याहून उंच होईपर्यंत.

सासरी निघण्याच्या सकाळी ती माझ्या वेणीत फूल माळत होती. माझी पाठ तिच्याकडे होती. एकाएकी तिनं विचारलं, "त्या दिवशी खूप पाणी सांडलं होतं का ग माझ्या हातून?"

सांगायची वेळ होती तर तीच होती.

"थोडंसंच, आई," मी म्हणाले.