राखेवर तपासलेले रंग

मेडिकल चौक मागे पडला तशी मेघाताईंनी चप्पल काढून आतला खडा झटकला आणि म्हणाल्या, "दोष फ्लेक्सवाल्याचा. अमोलचा. संध्याकाळच्या मीटिंगमध्ये मी तेच सांगणार आहो. तू फक्त गप बस."

नंदनवनातून दीक्षाभूमीला दोघी पायी निघाल्या होत्या. मेघाताई तिच्या सख्ख्या मावशी नव्हत्या, पण विहारातल्या सगळ्याच मुली त्यांना मावशी म्हणत आणि त्याही सगळ्यांना सारख्याच रागवत.

दीक्षा मूळची खापरखेड्याची. वडील लहानू तिथल्या वीज केंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर कामाला होते. निवृत्त झाल्यावर नंदनवनात आले. दीक्षा घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करी आणि उरल्या वेळात तिने एक लहानशी लायब्ररी बनवली होती. पुस्तकांची नव्हे. फोटोंचे रंग बदलणारे, त्यांना लहानमोठे करणारे प्रोग्रामचे तयार तुकडे, कोणीही फुकट उचलून आपल्या कामात जोडावेत असे. कुठले कुठले अनोळखी लोक ते वापरत. रविवारी विहारात ती मुलींना त्याच्यावरच कॉम्प्युटर शिकवी. या वर्गाला मुली बोलावल्याशिवाय येत. विहाराच्या दुसऱ्या कुठल्या कार्यक्रमाबद्दल असं म्हणता येत नव्हतं.

बुद्धजयंतीच्या फ्लेक्सचा फोटो तिनेच, याच तुकड्यांच्या मदतीने तयार केला. विहाराचा पांढरा घुमट, निळं आभाळ, निळा झेंडा. फ्लेक्स फाटकावर लागला तेव्हा आभाळ पिवळसर होतं. संध्याकाळचा फोटो समजून लोकांनी कौतुक केलं. विहार समितीचे अध्यक्ष चंद्रभानमामा खीर वाटता वाटता वर पाहून थांबले. झेंडा केशरी होता.

मामांनी डाव खाली ठेवला, फ्लेक्स उतरवला आणि जाहीर केलं की मुलींचा वर्ग बंद. जिला निळा रंग कळत नाही ती काय शिकवणार? पक्का निर्णय आज संध्याकाळी, समितीच्या मीटिंगमध्ये.

"पण झालं कसं वं?" मेघाताईंनी विचारलं.

"फोटोच्या एकेका ठिपक्यात तीन आकडे राह्यते, मावशी. लाल, हिरवा, निळा. काही फाइलींमध्ये ते उलटे राह्यते, निळा आधी. ते सुलटे करायचं मी विसरली. मंग निळ्याच्या जागी लाल, अन् त्यात थोडा हिरवा असला का केशरी."

"तपासलं काहून नाही?"

"तपासलं ना. घरच्या फोटोंवर. खापरखेड्याच्या. ते बरोबर आले म्हणून फ्लेक्सचा न पाहताच पाठवला."

"मंग?"

"वीज केंद्राच्या राखेचं तळं, चिमणी, धूर. बाबाचा पांढरा शर्ट, तोबी दोरीवर वाळत घातलेला. करड्यात अन् पांढऱ्यात तिन्ही आकडे सारखेच. उलटे वाचा का सुलटे. एकबी फोटो चुकला नाही."

"झाडं नव्हती का वं तिकडे?"

"होती. त्याच्यावरबी राखच."

मेघाताई थोडं चालल्या. "हे चंद्रभानले सांगशील तं वर्गासंगं तुलेबी बंद करतीन. त्यापेक्षा अमोलची मशीन बिघडली म्हणायचं. त्याचं काय जाते?"

"विहाराचं काम जाते."

मेघाताई रोज सकाळी पंचशील म्हणत. आजही म्हटलं होतं. खोटं बोलणार नाही, या चौथ्या शीलाशी आवाज जरा खाली गेला होता; पण घरात ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं.

दीक्षाभूमीचं फाटक आलं. आत जाण्याआधी दीक्षा थांबली आणि ओढणीने तोंड पुसून म्हणाली, "मावशी, मीटिंगमध्ये तुमीच बोला. पण नाव माह्यं घ्या. मी बोलाले लागली तं मामा मले मधातच थांबवतेत. तुमचं शेवटवर ऐकतेत. चूक दीक्षाची, अमोलची नाही, एवढं आधी सांगा. वर्गाचं त्याच्यानंतर विचारा."