भर उन्हात थांबलेली गिरणी

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आता टाळणार नाही. खुलताबादच्या माझ्या चुलत वहिनींना लागलेला बोल खोटा आहे, आणि खरं काय ते फक्त मला माहीत आहे.

मी वीज खात्यात इंजिनिअर होतो. छतावर उन्हापासून वीज करावी, उरलेली लाइनला द्यावी, ती बिलातून वजा व्हावी, हा हक्क केंद्राच्या कायद्यानं लोकांना मिळाला आणि वरून आमच्यामागं तगादा सुरू झाला. खुलताबादेत पुढं यायला कोणी तयार नव्हतं. वहिनींची पिठाची गिरणी होती. दुपारची लाइन हमखास जायची. त्यांनी एकच विचारलं, "भाऊजी, लाइन गेली तरी गिरणी चालंल ना?"

चालणार नव्हती. लाइन गेली की छतावरची वीजही आपोआप बंद होते, नाहीतर खांबावर चढलेल्या माणसाला तिचा झटका बसेल. बॅटरी असली तरच गोष्ट वेगळी. हे मला पाठ होतं. मी म्हणालो, "वहिनी, सूर्य काय लाइनवाल्यांना विचारून उगवतो?"

त्या हसल्या. छतावर पॅनल बसले, त्यांनी नारळ फोडला.

आठवड्यातच लाइन गेली आणि भर उन्हात गिरणी थांबली. दळणाचा डबा घेऊन आलेला एक जण म्हणाला, "काकू, ऊन निवडून घ्यायचं व्हतं. खडा अडकला असंल."

गावभर झालं, बाईनं स्वस्तातलं सोलरचं मशीन घेतलं. शहरात क्रांती चौकाजवळच्या एका लग्नात पाहुण्यांनी मलाच विचारलं, "मशीनच हलकं होतं ना?" मी मान हलवली. वहिनी शेजारच्याच पंगतीत होत्या. हात धुताना माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "माझंच चुकलं, भाऊजी. तुमचं नाव खराब झालं."

कायदा चांगला आहे. खोटं मी बोललो. आता मी राहतो त्या गारखेड्यात कोणी पॅनल लावायला निघालं की मी जिना चढून जातो आणि आधी हेच सांगतो: लाइन जाईल तेव्हा हेही जाईल. काही जण वैतागतात. वैतागू देत.

वहिनींच्या शेवटच्या आजारपणात भेटायला गेलो होतो. "वहिनी, ते मशीन..." एवढंच म्हणालो.

"जाऊ द्या हो. बाजरीचं पीठ काढून ठेवलंय, तेवढं न्या."

मी पिशवी घेतली आणि निघालो. पुढचं वाक्य तोंडातच राहिलं: मशीन हलकं नव्हतं, वहिनी. तुम्ही विचारलं होतं, आणि मी खोटं सांगितलं होतं. मला माफ करा.