दवाखान्याच्या नकाशात न काढलेली खुर्ची

ही गोष्ट मी बायकोलाही पूर्ण सांगितलेली नाही.

कुडव्यातला माझा दवाखाना आतून नवा करायचं ठरलं तेव्हा नकाशा मीच काढला. वेटिंग हॉल, तपासणीची खोली, काउंटरवर कॉम्प्युटर, मागे माझी एसीची आरामखोली. एकवीस वर्षं दारात बसणाऱ्या आमच्या कंपाउंडरभाऊंची खुर्ची मात्र कुठेच नव्हती. विसरलो नव्हतो. काढलीच नव्हती.

कारण लाजिरवाणं आहे. खेड्यातून आलेला पेशंट आधी भाऊंपाशी मन मोकळं करायचा. मग ते चिठ्ठीच्या कोपऱ्यात दोन शब्द लिहून त्याला आत पाठवायचे. 'पोट नाही, सासू.' 'पितो, सांगणार नाही.' निदान तिथेच व्हायचं, नाव माझं व्हायचं. नव्या दवाखान्यात मला स्वतःच्या अकलेवर चालणारा डॉक्टर व्हायचं होतं.

जुन्या पडदीभिंती पाडल्यावर मिस्त्रीने फरशीवर चुन्याच्या फक्कीने नव्या भिंती आखल्या. दोरीचं दुसरं टोक धरायला भाऊच. तेवढ्यात तिरोड्याची एक म्हातारी आली. चुन्याच्या रेषेपाशी तिने चपला काढल्या आणि मोकळ्या हॉलमध्ये उभं राहून विचारलं, "अंदर येऊ का जी?"

"दरवाजा तिकडं हाय, माय," भाऊ गंभीरपणे म्हणाले. म्हातारी खरंच वळसा घालून चुन्याने आखलेल्या दारातून आली.

मग भाऊंनी मला विचारलं, "साहेब, मी कोठी बसू?"

माझं बोट आपोआप आरामखोलीकडे गेलं. "ही तुमचीच. सांगणारच होतो."

त्यांनी नकाशा डोळ्यांजवळ नेला. "इथं तं 'डॉक्टर आराम' लिवून हाय. मी कधीपासून डॉक्टर झालो जी?"

मिस्त्री फसकन हसला. "नाही काढली तुमची खुर्ची," मी म्हणालो. "मुद्दाम. तुम्ही दारात असलात की आत मी कायले बसून राहिलो, हेच समजत नाही."

"मालूम हाय. दोरी धरली तवाच दिसलं."

"त्याइले दारातच ठेवा," म्हातारी मध्येच म्हणाली. "तुमाले काय सांगू मी? तुमी तं लगेच सुई काढता."

भाऊंनी आरामखोलीची रेषा पायाने पुसली, फक्की घेतली आणि दाराशी एक बऱ्यापैकी मोठा चौकोन आखला. माझ्या वाट्याला आडवं होण्यापुरतीही जागा उरली नाही.

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. "साहब, कौनसी दीवार पकडूँ?"

"त्यांनी आखली ती," मी म्हणालो, आणि म्हातारीला आधी त्यांच्याकडे पाठवलं.