अठरा तासांत मेलबर्न, आईला घेऊन

शकूमावशीच्या हृदयाची शस्त्रक्रिया पुढच्या सोमवारी ठरल्याचा फोन मेलबर्नहून आला आणि आई म्हणाली, "त्याआधी मला तिला बघायचंय. काढ तिकीट." आम्हा दोघींचा व्हिसा मावशीच्या लेकीने हौसेने आधीच काढून ठेवला होता. अंतर जवळपास अकरा हजार किलोमीटर. आयत्या वेळी तिकीट काढलं, की खिसा चांगलाच हलका होतो, एवढं लक्षात ठेवा.

तिकीट शनिवारचं मिळालं, पण पंचांगात दिवस वाईट. म्हणून आईने गुरुवारीच प्रस्थान ठेवलं. म्हणजे चांगल्या दिवशी सामानातलं काहीतरी शेजारी नेऊन ठेवायचं, प्रवास सुरू झाला असं मानायचं आणि खरोखर निघताना ते उचलायचं. औरंगपुऱ्यात आमच्या समोरच राहणाऱ्या सलमाआपांकडे गाठोडं गेलं.

शनिवारी सकाळी रिक्षाने चिकलठाणा विमानतळ गाठला. दारात मी पासपोर्ट मागितले. आई शांतपणे म्हणाली, "गाठोड्यात आहेत. प्रवासाला सगळ्यात गरजेचं तेच ना, म्हणून तेच ठेवले."

गाठोडं आणायचं दोघीही विसरलो होतो.  हे विमान चुकलं तर दिल्लीहून पुढचंही चुकणार आणि मावशी आईला न भेटताच ऑपरेशनला जाणार. सलमाआपांना फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, तेच. आई नुसती रस्त्याकडे बघत उभी राहिली.

वीसेक मिनिटांनी आपांची स्कूटर आली, गाठोडं पायाशी.

"कपाट उघडलं तं हे तिथंच बसलेलं. म्हटलं, अम्मा निघाली नि तिचा प्रवास माझ्या घरी राहिला."

"घोटभर पाणी तरी पी," आई म्हणाली.

"नाय, तुमी आधी आत जावा. बहिणीला माझा सलाम सांगा."

अशी शेजारीण मिळायला भाग्य लागतं.

दिल्लीपर्यंत दोन तास, तिथे चार तास मुक्काम, मग सलग बारा तासांचं उड्डाण. वयस्कर माणूस सोबत असेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा. आईने समोरच्या पडद्यावरचा नकाशा सोडला नाही. "अजून समुद्रच?" हे तिने किती वेळा विचारलं, मोजलं नाही. मला मात्र विमानाचं कौतुक संपेना. पोळी-चटणी खाऊन एक डुलकी काढली, तोवर खंड बदलला होता. तिथली घड्याळं आपल्या साडेचार तास पुढे.

रविवारी दुपारी दवाखान्यात पोहोचलो. मावशी म्हणाली, "नऊ वर्षांनी गं, अक्का." आई मावशीचे पांढरे केस मागे सारत राहिली. सोमवारी सगळं नीट पार पडलं. पुढचे तीन आठवडे मी ट्राममधून मनसोक्त हिंडले. स्वच्छ, शांत, देखणं शहर आहे, जमेल त्याने जरूर बघावं.

परत आल्यावर सलमाआपांनी विचारलं, "अम्मा, लई लांब हाय का हो?"

"अठरा तास," आई म्हणाली.

आपा गेल्या. मी चहा टाकायला उठले, तेव्हा आई म्हणाली, "अठराच तास होते गं. तिचे केस पांढरे कधी झाले, मला कळलंच नाही."