वजनमापवाली बाई

आमच्या खात्याचं नाव वैधमापन शास्त्र. हे नाव ऐकून एका फटक्यात कळलं असा माणूस मला अजून भेटलेला नाही, म्हणून लोक आम्हाला वजनमापवाले म्हणतात. दुकानातला काटा खरा आहे का, पेट्रोल पंपावर पाच लिटर म्हणून जे येतं ते पाच लिटर भरतं का, बिस्किटाच्या पुड्यावर वजन आणि किंमत छापली आहे का, हे आम्ही पाहायचं. काटा बरोबर असेल तर त्यावर वर्षाचा शिक्का मारायचा, खोटा असेल तर जप्त करायचा. मी अमरावतीला निरीक्षक म्हणून लागले तेव्हा एका वरिष्ठांनी बजावलं होतं, की ज्याच्या काट्यावर शिक्का मारणार त्याच्याकडचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. मला ते पटलं, आणि पटलं म्हणूनच पंचाईत झाली. काटा नाही असं दुकान कुठे असतं?

परतवाड्याला किंवा अंजनगावला दौरा असला की जीप बाजारात शिरायच्या आत बातमी शेवटच्या दुकानापर्यंत गेलेली असे. इन्स्पेक्टर आल्यावर शाळेतला वर्ग बसतो तसा अख्खा बाजार गप्प. कोणी खुर्ची पुसून देई, कोणी थंडा मागवी, आणि मी आपली बाटली काढून उभ्या उभ्या पाणी पीत असे. “बाईले लय गर्मी हाय,” असं एक सराफ माझ्या पाठीमागे म्हणाला होता. म्हणजे मी घमेंडी. मला राग आला, पण खोटं काय बोलला तो? त्यांच्या बाजूने पाहिलं तर दिसत तसंच असणार.

आई होती तोवर याचं काही वाटलं नाही. घरी गेलं की तिच्याजवळ दिवसभराचं सगळं ओकून मोकळं होता येत असे. ती गेली आणि पाठोपाठ माझी अकोल्याला बदली झाली. लग्न मी केलेलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारणारे नातेवाईकही एव्हाना थकले होते. अकोल्यात खोली घेतली. ऑफिस सुटल्यावर तोंड मिटलं की ते दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडल्यावरच उघडायचं. रविवारी एसटीने अमरावतीला जायचं, बंद घराच्या खिडक्या उघडायच्या, झाडून काढायचं, बाबासाहेबांच्या आणि आईच्या फोटोला हार घालायचा आणि परतीची गाडी धरायची. एकटेपणा मोठा गंभीर असतो असं लोक समजतात. तसं काही नाही, तो कंटाळवाणा असतो. एकटीसाठी कणीक भिजवताना कधी कधी स्वतःचाच राग यायचा.

खोलीजवळ संध्याकाळचा भाजीबाजार भरत असे. तिथे एक म्हातारी बसायची. माळ्याची. नवरा गेलेला, शेत गावाकडे दीर कसत होता आणि त्या मळ्यातली भाजी ही इथे विकत होती. मी पहिल्यांदा तिच्याकडे वांगी मागितली तेव्हा माझ्याकडे नीट पाहून तिने विचारलं, “एकटीच खाते काय वं?” मी हो म्हटलं. तिने तराजूला हात न लावता दोन मुठी वांगी माझ्या पिशवीत टाकली, वर सांबाराची जुडी टाकली, जिला पुण्याकडे कोथिंबीर म्हणतात, आणि म्हणाली की एकट्या माणसाला काय तोलून द्यायचं.

त्यानंतर मी रोज जाऊ लागले. गिऱ्हाईक ओसरलं की ती माझ्यासाठी गोणपाटाचा एक रिकामा बोरा अंथरी आणि मी तिच्यामागे भेद्र्यांच्या, म्हणजे टोमॅटोच्या, कॅरेटला टेकून बसे. ती बोलत राही. बाजारात तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की पुण्याचा पोरगा सारखा बोलावतो, पण मला तिथलं पाणी मानवत नाही. मला तिने खरं सांगितलं. त्याने कधी बोलावलंच नव्हतं. एकदा ती न सांगता गेली, तर सुनेने चहा पुढे केला आणि परतीची गाडी किती वाजता आहे ते विचारलं. हे तिने सख्ख्या बहिणीलाही कळू दिलं नव्हतं. मीही तिला आईचं सांगितलं. शेवटच्या दिवसांत आई मला ओळखत नव्हती, हे मी आयुष्यात या म्हातारीच्या एकटीजवळ बोलले आहे.

नोकरीचं विचारलं तर मी “ऑफिसात आहे” एवढंच म्हणे. गिऱ्हाईक बनून खरेदी करायची आणि मग वजन तपासायचं हा आमच्या कामाचाच भाग, त्यामुळे राहत्या गल्लीत कोणी खातं सांगत फिरत नाही. मी कुठेतरी टायपिंग करते असं तिने धरून चाललं होतं. तिच्या तराजूत फडक्यात बांधलेलं एक वजन असे. इतरांना ती त्याने तोलून देई आणि वरून एक मूठ टाके. ही वरची मूठ म्हणजे या बाजाराची रीत. दिली नाही तर बाया भाजी ठेवून पुढे जातात. इलेक्ट्रॉनिक काटा घ्या मावशी, असं मी दोनदा म्हटलं. तिने हसून स्वतःचा हात दाखवला.

मग तक्रार आली. बँकेत बदली होऊन आलेले एक परप्रांतीय गृहस्थ, एकटेच राहणारे. त्यांना साखरेचा आजार होता, आणि डॉक्टरांनी सगळं तोलून खायला सांगितलं म्हणून घरात छोटा काटा ठेवला होता. या बाजारातली भाजी रोज कमी भरते असं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी कोणाचं नाव दिलं नव्हतं, कारण त्यांना कोणाचं नाव माहीतच नव्हतं. सगळा बाजार तपासा असा वरून आदेश आला, आणि तो बाजार माझ्या हद्दीत होता.

रजा टाकता आली असती. मी टाकली नाही, आणि आज पुन्हा तीच वेळ आली तरी टाकणार नाही. त्या माणसाला मराठी येत नव्हतं. बोटाने भाजी दाखवायची, देतील ती घेऊन खोलीवर जायचं. त्याला वरची मूठ कोण घालणार? ती ओळखीच्याला मिळते. मला मिळत होती, कारण मी म्हातारीला आवडले होते. ज्याला बाजारात कोणीच ओळखत नाही त्याच्यासाठी तर आमचं खातं आहे. नाहीतर लोकांच्या वांग्यांशी सरकारला काय करायचं होतं?

मी सहायकाला घेऊन गेले. मला पाहून ती खुलली, बोरा अंथरला, आज लवकर सुटलीस का म्हणून विचारलं. मी उभीच राहिले. माझ्या गळ्यात ओळखपत्र होतं, पण तिला वाचता येत नव्हतं. सहायकाने फडकं सोडलं. आत एक गुळगुळीत दगड निघाला. तिच्या सासूने तो जुन्या शेराच्या वजनाला घासून जुळवला होता. पुढे शेर जाऊन किलो आला तेव्हा त्यालाच किलो म्हणायला लागले, आणि जेवढं कमी भरतं तेवढं मुठीने भरून द्यायचं असं सासूने शिकवलं होतं. तिच्या लेखी त्यात लबाडी नव्हतीच. सहायकाने आमचं किलोचं वजन समोरच्या पारड्यात ठेवलं आणि दगडाचं पारडं वर गेलं.

एव्हाना शेजारच्या बाया गोळा झाल्या होत्या. घाबरू नका, ही आपल्या घरची बाई आहे, मी बोलते हिच्याशी, असं ती त्यांना सांगत होती. मी सहायकाला दगड आणि तराजू जप्त करायला सांगितलं. सगळ्यांना ऐकू गेलं. जप्तीच्या कागदावर अंगठा घ्यायची वेळ आली तेव्हा तिच्या हाताला मेथीची माती होती. तेच फडकं घेऊन मी तिचा अंगठा पुसला. तिने हात मागे घेतला नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही.

त्या दिवशी बाजारातल्या बऱ्याच जणांवर कारवाई झाली. नंतर सगळ्यांनी नवे काटे घेतले आणि शिक्का मारून घ्यायला आमच्या ऑफिसात रांग लागली. ती शेवटी आली, बहुतेक मुद्दाम मागे राहिली असावी. मी वजनं ठेवून पाहिली. काटा चोख होता. शिक्का मारला आणि म्हटलं, मावशी बसा, चहा मागवते. इतक्या वर्षांच्या नोकरीत शिक्क्यासाठी आलेल्या कोणाला मी चहा विचारला नव्हता. ती बसली नाही. बाहेर कोणी आहे का ते तिने पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“माह्या पोराचं कोनाले सांगतलं तं नाही ना तुमी?”

नाही, मी म्हटलं.

“मले वाटलं, तुमाले कोनीच नाही,” ती म्हणाली. “म्हनून बोलत होती मी तुमच्यासंगं. तुमच्यामांगं तं सरकार हाय.”

मावशी, तुमचं आधीचंच खरं होतं, हे मला म्हणायचं होतं. पण टेबलाशी सहायक उभा होता आणि माझ्या हातात शिक्का होता. ती काटा छातीशी धरून जिना उतरून गेली.