हरणाबाईचा गाल

"मोबाईल कशाला लागतोय, माझं तोंड हाय की," असं हरणाबाई पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

साताऱ्यात सुभेदार लालासाहेबांच्या घरी ती रोज सकाळी त्यांच्या नातीला न्हाऊ घालायला यायची. आठ महिन्यांची राजनंदिनी अंघोळीत खुश असायची, पण डायपर दिसला की पाठीची कमान करून किंचाळायची. खुळखुळा, चमचा, मोबाईलवरची गाणी, सगळं भिरकावून झालं होतं.

हरणाबाई ओठ मिटायची, डावा गाल फुगवायची आणि कामाला लागायची. थोड्या वेळानं फुगवटा उजव्या गालात जायचा. राजनंदिनी पाय झाडायचं विसरून बघत राहायची, गालाला बोट लावायची. पट्ट्या चिकटल्या की हरणाबाई ओला डायपर घेऊन न्हाणीकडं वळायची. परत यायची तेव्हा गाल सपाट.

तरुणपणी माण तालुक्यात मेंढरं राखताना, कोकराच्या खुरातला काटा काढायचा तर ती सुई ओठांत धरायची. कोकरू तिच्या तोंडाकडं बघत गप्प पडून राहायचं. ते सुईला बघायचं की मिटल्या ओठांना, हे तिलाही कधी कळलं नाही.

सोमवारपासून सूनबाई उत्कर्षा ऑफिसला जाणार होती. बाळ दिवसभर हरणाबाईकडंच द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. तसं झालं तर तिची दोन घरची भांडी सुटणार होती. गुडघे आता तिला खाली बसू देत नव्हते.

शनिवारी लालासाहेब दारात येऊन उभे राहिले.

"उत्कर्षा, ही बाई तोंडात काय धरती गं?"

"आबा, मलाही तेच कळत नाही."

"मिश्री असणार. दुसरं काय? बाई, तोंड उघडा जरा."

हरणाबाईच्या हातात बाळाचे दोन्ही पाय होते. तिनं नुसती मान हलवली.

"बघ, उघडत न्हाई. आमच्या पलटणीत असा गाल फुगवून कोण हजेरीला आला, की तंबाखू धरलीच म्हणून समज."

"मावशी, एकदा दाखवा ना," उत्कर्षा हळूच म्हणाली. "दिवसभर बाळ तुमच्याकडं असणार."

हरणाबाईनं एक पट्टी लावली. मग दुसरी. मग खिडकीच्या उजेडाकडं तोंड करून ते उघडलं.

दोन दाढा नव्हत्या. बाकी स्वच्छ जीभ, आणि काही नाही.

राजनंदिनीनं बोट आत घातलं. इकडं चाचपलं, तिकडं चाचपलं. तिचा खालचा ओठ बाहेर आला आणि ती रडायला लागली.

"काय बी न्हाई की," लालासाहेब म्हणाले.

"सॉरी मावशी," उत्कर्षा बाळाला उचलत म्हणाली. "सोमवारी नऊला याल ना?"

हरणाबाईनं हात धुतले. न्हाणीतल्या कोनाड्यात कायम असायची ती आपली तेलाची वाटी पुसून पिशवीत टाकली. रोज निघताना ती बाळाला "येते गं बाय" म्हणायची. आज तिनं ओठ मिटून घेतले. राजनंदिनी रडायची थांबली आणि त्या मिटल्या तोंडाकडं बघत राहिली. हरणाबाईनं चपला पायांत सरकवल्या आणि ती बाहेर पडली.