लुगड्यात गुंडाळलेली पानवेल

अन्याय झाला तो माझ्या मंदाकाकूवर, मी सातवीत होते त्या वर्षी, ऐन दिवाळीच्या तोंडावर. आज गॅलरीतल्या मनीप्लँटची पानं पुसताना ओल्या धुळीचा वास आला आणि श्रीवर्धनची तिची सुपारीची वाडी डोळ्यांपुढे आली.

वाडीला लागूनच्या रस्त्याने खडीचे उघडे डंपर जायचे. पोफळींवर चढवलेल्या पानवेली धुळीने पांढऱ्या झाल्या. विड्याच्या पानांवरच काकूचं घर चालायचं, म्हणून तिने वेलींना जुनी लुगडी गुंडाळली. काही दिवसांनी सोडून पाहिलं, तर आतली पानं पिवळी पडलेली.

"काकू, उजेडाशिवाय पानाला स्वतःचं अन्न बनवता येत नाही," मी शाळेत शिकलेलं ऐकवलं.

"अगो शाणे, लुगडं काढलं तर धूळ उजेड अडवते, न्हाय काढलं तर लुगडं. मग ह्या पानांनी जेवायचं कधी?"

अर्धं सोडलेलं लुगडं हातात धरून ती तिथेच बसली. कुंपणापलीकडे पुढचा डंपर हॉर्न देत होता.

तेव्हा मला वाटलं, काकूच चुकली. आज संताप येतो. झाकायला हवी होती ती खडी, वेल नव्हे. तुमच्या रस्त्यावर उघडा डंपर दिसला तर थांबवा, आणि ताडपत्री टाकल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका.